बोट, डोंगर आणि माणसं

युद्धनौकेवरच्या चित्रपटांतल्या तोफा मी लवकर विसरतो, माणसं लक्षात राहतात. १९४२ चा ‘इन विच वुई सर्व्ह’ सौदी अरेबियात, जेद्द्यातल्या घरी पुन्हा पाहिला, तेव्हाही तसंच झालं. नोएल कॉवर्डने तो लिहिला, डेव्हिड लीनच्या साथीने दिग्दर्शित केला आणि कप्तानही स्वतःच झाला. माउंटबॅटन यांची ‘केली’ ही विनाशिका मे १९४१ मध्ये क्रीटजवळ बुडाली. कथेचं मूळ तिथलं. बोट बुडते, वाचलेले खलाशी तराफ्याला धरून राहतात आणि तेलाने माखलेल्या पाण्यात ज्याला त्याला आपलं घर दिसू लागतं. एक प्रौढ खलाशी बायकोला पत्र लिहीत असतो. तरुण सोबती सांगायला येतो, की ती बॉम्बहल्ल्यात गेली. आक्रोश नाही. तो उठतो आणि एकटाच डेकवर जातो.

‘केली’ बुडण्याच्या काही आठवडे आधी जेद्द्यासमोरच्या याच तांबड्या समुद्रात अशीच एक गोष्ट घडली. इटलीच्या ताब्यातल्या मसावा बंदरातल्या इटालियन विनाशिका पोर्ट सुदानवर शेवटचा हल्ला करायला निघाल्या. परतीची आशा नव्हतीच. ३ एप्रिल १९४१ रोजी ब्रिटिश विमानांनी ‘मानिन’ आणि ‘साउरो’ बुडवल्या. ‘पांतेरा’ आणि ‘तिग्रे’ जेद्द्याच्या दक्षिणेला अरबी किनाऱ्याशी पोचल्या. तिथे खलाशांनी आपल्याच हातांनी त्या बुडवायला काढल्या आणि ते किनाऱ्यावर उतरले. सौदी अरेबिया तेव्हा तटस्थ होता. ज्या बोटीचं पितळ रोज घासून लखलखीत ठेवलं, तिच्याच पोटात पाणी सोडताना त्या पोरांना काय वाटलं असेल? हरलेल्यांचे तराफे पडद्यावर फारसे येत नाहीत.

या बोटींना बंदर का उरलं नाही, याचं उत्तर इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत आहे. मसाव्याची वाट त्या घाटातून जाते. १५ मार्चला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीने वरून इटालियनांचा मारा होत असताना उभा चढ चढून ‘फ्लॅट टॉप’ टेकडी घेतली. २७ मार्चला केरेन पडलं, ८ एप्रिलला मसावा. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या पायांनी डोंगर चढला, आणि पलीकडे समुद्रावर इटालियन आरमाराचा आसरा गेला.

जेद्द्यात आज कितीतरी मराठी माणसं राहतात, शुक्रवारी मुलाबाळांना घेऊन समुद्रकाठच्या कॉर्निशवर येतात. सौदीतली चित्रपटगृहं २०१८ मध्ये पुन्हा उघडली, त्यामुळे युद्धपटही आता मोठ्या पडद्यावर बघता येतात. या पाण्याशी आपल्या पणजोबांचा काही संबंध असेल, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

कॉवर्डला त्याची गोष्ट मिळाली, कारण माउंटबॅटन त्याचे मित्र होते आणि त्यांनी ती त्याला सांगितली. केरेन चढलेल्या शिपायाला असा मित्र कुठून मिळणार? सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांतल्या ट्रंकांमध्ये त्या पलटणीची पदकं आणि डिस्चार्जचे कागद अजून असतील. आपल्या घरात असतील, तर ते बाहेर काढा, म्हाताऱ्यांना विचारा आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. चित्रपट निघायचा तेव्हा निघेल. सांगणारी माणसं तोवर थांबणार नाहीत.