अंदमानचे मूळ धनी

महाराष्ट्रांतून अंदमानास जाणाऱ्याचें पाऊल प्रथम सेल्युलर कारागृहाकडे वळतें, आणि तें योग्यच आहे. १९११ सालीं सावरकरांस जेथें आणून कोंडलें, ती कोठडी पाहून कोणाचा कंठ दाटणार नाहीं? परंतु त्याच वर्षींच्या शिरगणतींत या बेटांचे मूळ धनी, ग्रेट अंदमानी लोक, अवघे ४५५ उरले होते, याची आठवण तेथें सहसा कोणी काढीत नाहीं.

त्यासाठीं होडीनें समोरच्या रॉस बेटावर जावें. (२०१८ पासून त्यास सुभाषबाबूंचें नांव आहे.) साहेबांचे बंगले, त्यांचें प्रार्थनामंदिर, साऱ्यांच्या भिंती आतां झाडांच्या मुळ्यांनीं कवटाळल्या आहेत आणि भोंवतीं हरणें निर्धास्त चरतात. येथेंच १८६३ सालीं पाद्री कॉर्बिन यांनीं ‘अंदमान होम’ नांवाचें आश्रयगृह काढलें. वनवासी जनांस अन्नवस्त्र द्यावें, चार इंग्रजी शब्द शिकवावे, म्हणजे वसाहतीवरचे हल्ले थांबतील, हा हेतु. असल्या पाहुणचाराची किंमत मात्र पाहुण्यांनीं मोजली.

गोंवर आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. लहानपणीं एकदां येऊन गेला, कीं थोरपणीं सहसा भय उरत नाहीं. हजारों वर्षें जगापासून अलग राहिलेल्या या टोळ्यांस तो सर्वस्वीं नवा होता. १८७७ सालीं आजा, आई, नातू एकदमच अंथरुणास खिळले. मग पाणी कोणीं द्यावें आणि शिकार कोणीं आणावी? होममध्यें ये-जा करणाऱ्यांबरोबर सांथ रानांत पसरली. उपदंश तर त्याआधींच, १८७६ त, उघडकीस आला होता. तो वसाहतींतल्या पुरुषांनीं, आणि त्यांत आपल्या देशचे कैदीहि आले, तेथें पोंचविला; कैद्यांविषयीं कितीहि कळवळा असला तरी हें झांकून चालणार नाहीं.

जारवा लोकांनीं इंग्रजांचा शेजार टाळला, बाण रोखून धरले. ते आज कांहीं शें तरी आहेत. ज्यांनीं शेजार पत्करला ते १९०१ त ६२५, १९३१ त ९०, आणि १९६१ त १९! आज त्यांचे पन्नासेक वंशज आहेत.

त्यांच्यांतील बोआ नांवाची वृद्धा जानेवारी २०१० मध्यें वारली. ‘बो’ भाषा जाणणारें दुसरें कोणी न उरल्यानें ती पांखरांशीं त्या भाषेंत बोलत असे.