सहा विरुद्ध शून्य : एक दुरुस्ती

१/ गेल्या वर्षी १४ ऑगस्टला मी येथे लिहिले होते की, चिनी हवाई दलाच्या चौथ्या लढाऊ गटाने पहिल्याच झुंजीत सहा जपानी विमाने पाडली आणि स्वतःचे एकही गमावले नाही. तो थ्रेड अनेकांनी पुढे पाठवला. त्यातला आकडा मी पडताळला नव्हता. आज ती चूक दुरुस्त करतो.

२/ गारखेड्यातील आमच्या गच्चीवरून विमाने पाहत मी वाढलो. विमानांचे आकडे पाठ करणे हा जुना नाद. घरात मात्र चीन म्हणजे १९६२. त्यामुळे चिनी वैमानिकांचा पराक्रम सांगताना मला आकड्याचा आधार हवा होता. मोहाचे मूळ तेथेच आहे.

३/ घटना अशी : १४ ऑगस्ट १९३७. तैवानहून निघालेली जपानी बाँबफेकी विमाने हांगचौजवळच्या तळावर चालून आली. गाव चिहांग यांचा चौथा गट वादळी हवेतून नुकताच तेथे पोहोचत होता. विमाने 'हॉक-३', दुपंखी. टाक्यांत इंधन जेमतेम. तरीही वैमानिक भिडले. चीनने 'सहा-शून्य' जाहीर केले. जपानी नोंदींतील हानी त्याहून कमी आहे. शांघायची लढाई आदल्याच दिवशी पेटली होती. देशाला धीर देणारा आकडा हवा होता. पुढे हीच तारीख चिनी हवाई दल दिन ठरली.

४/ 'शून्य' तर फार दिवस टिकलेच नाही. २१ नोव्हेंबरला शत्रूच्या हल्ल्यात गाव चिहांग धावपट्टीवरच मारले गेले. १८ फेब्रुवारी १९३८ रोजी वूहानच्या आकाशात गटाचे नेतृत्व करणारे ली क्वेइतान पडले.

५/ २९ एप्रिलला, त्याच आकाशात, छन ह्वाइमिन यांनी आपले जखमी विमान जपानी विमानावर आदळवले. मृत जपानी वैमानिकाजवळ त्याच्या पत्नीचे पत्र सापडले. छन यांच्या बहिणीने त्या स्त्रीला उद्देशून जाहीर पत्र लिहिले. त्यात द्वेष नव्हता. दोन्ही घरांवर एकच घाव पडला आहे, ही जाणीव होती. हे कोणत्या रकान्यात मोजायचे?

६/ त्याच वर्षी १ सप्टेंबरला मुंबईहून पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. वूहानमधील हानकौ शहर २५ ऑक्टोबरला पडले. त्याआधी हे पथक तेथे जखमींची शुश्रूषा करत होते. वर झुंजणाऱ्यांचे आकडे जाहीर होत. खाली टाके घालणाऱ्यांचे कोणी मोजले नाहीत. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. वय ३२.

७/ जुना थ्रेड पुसत नाही. त्याखाली हा जोडतो. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी कृपया हाही पाठवावा. वैमानिकांचे शौर्य एका विमानानेही कमी होत नाही. कमी झाला तो माझा आकडा.