पोळलेल्या कातडीवरचे आकडे

एम. फार्म.च्या प्रकल्पासाठी मी डायक्लोफिनॅकचे जेल करत होते. गुडघेदुखीवर गोळ्या घेऊन घेऊन पोटाची वाट लागते. तेच औषध कातडीतून पुरेसे आत गेले तर तो त्रास टळेल. अडचण होती ती कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थराची. जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन, पण पेशींमधल्या फटीत स्निग्ध पदार्थ असे गच्च रचलेले की बहुतेक औषधे तिथेच अडतात. ओलेइक आम्ल ही रचना विस्कटते. प्रॉपिलीन ग्लायकॉल जोडीला असेल तर जास्तच. मी दोन्ही घातली.

चाचणी डुकराच्या कानाच्या कातडीवर. फ्रांझ सेलमध्ये वर जेल, खाली बफर, मध्ये कातडी. ठरावीक वेळाने खालचा नमुना काढून औषध किती उतरले ते मोजायचे. साध्या जेलचे आकडे आधीच घेतले होते. नव्या जेलचे आले ते कित्येक पट. मी हरखून गेले. दोन तुकड्यांतून मात्र औषध फारसे उतरले नव्हते. ‘खाली हवेचा बुडबुडा’ असे वहीत लिहून मी ते वगळले. बुडबुडा मी पाहिलाच नव्हता.

मसुदा वाचून माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढेच विचारले, “कान कुठून आणलेस?”

नव्या जेलसाठी वापरलेले दुसऱ्या खेपेचे कान वेगळ्या खाटकाकडचे होते. त्याच्याकडे जाऊन विचारले, तर कळले की केस निघावेत म्हणून तो डुक्कर कढत पाण्यात घालतो. कातडीचा वरचा पापुद्रा सुटा करायला आम्ही स्वतः ती 60 अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरतो. मला हे पाठ होते. फ्रीजरमधला उरलेला कान काढून चिमट्याने कड ओढली, तर वरचा थर ओल्या कागदासारखा निघून आला. आणि वगळलेले ते दोन तुकडेच बहुधा शाबूत होते.

खेप बदलली हे अनवधान म्हणता येईल. ते दोन तुकडे मी वगळले ते मात्र जाणूनबुजून, कारण ते मला नको होते. हे मॅडमना सांगायला मी आठवडा घालवला, आणि तेवढ्यात गोषवारा एका परिषदेला गेलाही होता. तो मागे घ्यावा लागला.

पुढे न पोळलेले कान आणले, एकाच कानाच्या तुकड्यांवर दोन्ही जेल लावली आणि प्रत्येक तुकड्याचा विद्युतरोध आधी मोजला. थर फाटका असला की हा रोध घसरतो. नव्या जेलमधून औषध तेव्हाही जास्त उतरले, पण दुपटीच्याही आतच. प्रबंधात तोच आकडा आहे, आणि वगळलेल्या तुकड्यांची हकीकतही.