आजोबांचा प्रॉम्प्टर

दिवाळीच्या सुट्टीत मी बेंगळुरूला, के. आर. पुरमच्या घरी गेलो. आजोबा दारातच म्हणाले, "बॅग ठेव आणि पाठांतराला बस. तुला काम दिलंय." आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींनी एका संध्याकाळी दोन एकांकिका ठरवल्या होत्या. दोन्ही परदेशी, पण मराठीत आणलेल्या. दोन्ही म्हातारपणाच्या.

पहिली सॅम्युअल बेकेटची, १९५८ सालची 'क्रॅप्स लास्ट टेप'. ६९ वर्षांचा क्रॅप आपल्या वाढदिवशी ३९व्या वर्षी स्वतःच्याच आवाजात भरून ठेवलेली टेप ऐकतो. त्याने केळं खाल्लं तेव्हा लहान मुलं हसली. पुढे मात्र हॉल शांत झाला. शेजारच्या काकांनी सगळं एकट्याने पेललं.

दुसरी अंतोन चेकॉव्हची 'हंसगीत', १८८७ सालची. ६८ वर्षांचा एक नट प्रयोगानंतर रिकाम्या थिएटरात जागा होतो. सोबतीला फक्त म्हातारा प्रॉम्प्टर निकिता. आजोबा नट झाले आणि केसांना पावडर लावून मी निकिता.

तालमीत आजोबा एकदाही अडखळले नव्हते. प्रयोगात मात्र, घरी आपली वाट पाहणारं कोणीच नाही, असं तो नट सांगतो तिथे ते थांबले. मी हळूच वाक्य सांगितलं. ते गप्पच. पुन्हा सांगितलं, तेव्हा बोलले. मी प्रॉम्प्टरच असल्यामुळे लोकांना ते नाटकातलंच वाटलं. टाळ्याही पडल्या.

रात्री मी म्हणालो, "आजोबा, वाक्य विसरलात ना?"

"वाक्य आठवत होतं रे. आई आठवली."

आजोबा निपाणीजवळच्या खेड्यातून इथे दूरवाणीनगरच्या आय.टी.आय. कारखान्यात टेलिफोन बनवायला आले होते. एकदा आईचं पत्र आलं, 'येऊन जा.' त्यांनी उलट कळवलं, 'दिवाळीत येतो.' दसऱ्याआधीच तार आली.

"दिवसभर टेलिफोन जोडायचो," आजोबा म्हणाले, "पण आमच्या गावात टेलिफोन नव्हता. आणि रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. इथे सांगायला माझ्याकडे वाक्य नव्हतं. मी त्यांचे पाय चेपत बसलो.

सुट्टी संपली. आजोबा मेट्रोने मॅजेस्टिकपर्यंत सोडायला आले. खिडकीतून के. आर. पुरमचा झुलता पूल मागे जाताना दिसला. बेळगावची गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते.

शाळेत रविवारी फोनची पाळी येते. मागे दहा जण रांगेत असतात. पूर्वी मी "ठीक आहे, ठेवतो" म्हणून मोकळा व्हायचो. आता आधी विचारतो, "आजोबा, जेवलात का?" मग ते बोलतात आणि मी ऐकतो. फोन ठेवायचं आता तेच सांगतात.