लढाईच्या आधी पोहोचलेली बातमी

१/ आजचा धागा माझ्याच एका चुकीविषयी. पिंपळनेरला, पांझरेकाठच्या घरी बसून मी प्रबंधासाठी दोनशे मराठेशाही पत्रांची सूची करीत होते. शुहूर सन देऊन इसवी सन मिळवायचा, एवढेच काम. परंतु मित्राने लिहिलेला प्रोग्रॅम दर पत्रामागे तीन प्रश्न विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत थांबून राही.

२/ हा पेच जुना आहे. एका प्रोग्रॅमचे फलित दुसऱ्याला पुरवणारी 'पाइप' युनिक्समध्ये १९७३ सालीच आली. तथापि पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅमसारखे काही प्रोग्रॅम पाइपमधून आलेले उत्तर मानीत नसत. त्यांना खरा टर्मिनलच हवा असे.

३/ १९९० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेतील डॉन लाइब्स यांनी 'एक्स्पेक्ट' सादर केले. जॉन ऑस्टरहाउट यांची टीसीएल भाषा हा त्याचा पाया. त्याची युक्ती अशी, की प्रोग्रॅमपुढे आभासी टर्मिनल उभा करायचा. मग 'स्पॉन' प्रोग्रॅम सुरू करते, 'एक्स्पेक्ट' ठरावीक प्रश्नाची वाट पाहते आणि 'सेंड' उत्तर धाडते.

४/ मी तशीच स्क्रिप्ट लिहिली. चहा उकळेपर्यंत दोनशे पत्रे निकालात निघाली!

५/ दुसऱ्या दिवशी एका नोंदीपाशी थबकले. पानिपतच्या पराभवाची वार्ता देणारे पत्र, शुहूर ११६१, म्हणजे 'इहिदे सितैन मया व अलफ'. आणि पुढे इसवी सन १७६०. लढाई तर १४ जानेवारी १७६१ ची!

६/ शुहूर वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. प्रोग्रॅमचा तिसरा प्रश्न नेमका हाच होता: 'जानेवारीपूर्वी की नंतर?' माझी स्क्रिप्ट प्रत्येक वेळी 'पूर्वी' म्हणत गेली होती.

७/ एक्स्पेक्टमध्ये 'इंटरॅक्ट' नावाची आणखी एक आज्ञा आहे. ती चालू संवाद पुन्हा माणसाच्या हाती सोपवते. आता पहिली दोन उत्तरे स्क्रिप्ट देते. तिसऱ्या प्रश्नाला ती थांबते आणि मी पत्र पुन्हा वाचते. कामाला तीन संध्याकाळी लागल्या.

८/ काही प्रश्न केवळ माहिती मागतात, काही निर्णय मागतात. पहिले यंत्राकडे खुशाल सोपवावेत. दुसऱ्यांसाठी मात्र पत्र उघडून बसावे लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे खरे काम तेथेच सुरू होते.