जहाज थांबत नाही

कार्तिकी पौर्णिमेनंतर पुण्यातील व्यापारी कुटुंबांत सहलींचे बेत आखले जातात. अलीकडे त्यांत मुंबई–गोवा क्रूझचीही भर पडली आहे. जहाज सुटते मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून. तेव्हा पुण्याहून त्याच दिवशी निघावे की आदल्या दिवशी, हा प्रश्न घरोघरी उपस्थित होतो.

कागदावर हिशेब सोपा दिसतो. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला निघून साडेदहाच्या सुमारास मुंबईस पोहोचते. तेथून बंदर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. परंतु प्रवेशनोंदणी जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. सुट्ट्यांत बोरघाटात वाहने तासन्‌तास खोळंबतात. जुलै २०१५ मध्ये तर आडोशीजवळ दरड कोसळून द्रुतगती मार्गच बंद पडला होता. आगगाडी चुकली तर पुढची मिळते. सुटलेले जहाज परतत नाही आणि भाडेही सहसा बुडते.

मालाचा विमा उतरविणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. मुंबईतील एका रात्रीचा खर्च हा त्या विम्याचाच हप्ता होय. शिवाय वडीलधाऱ्यांचे भोजन सूर्यास्तापूर्वी स्वस्थपणे उरकते आणि सकाळी पायधुणीस गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शनही घडते. त्याच दिवशी निघणे अटळच असेल, तर मोटारीपेक्षा पहाटेची आगगाडी बरी.