जावयाचं घड्याळ

लग्नात सासऱ्यांनी माझ्या मनगटावर घड्याळ बांधलं, तेव्हा मांडवात मित्रांनी शिट्ट्या मारल्या होत्या. काळी तबकडी, तिच्या पोटात आणखी तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं आणि बारावर तो जगप्रसिद्ध मुकुट. रोलेक्स डेटोना! बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. गल्फहून आलेल्या कुणा ओळखीच्याकडून 'सेकंडहँड, पण ओरिजिनल' म्हणून त्यांनी ते पंचेचाळीस हजारांना घेतलं होतं. "जावईबापू, पुण्यात ऑफिसला घालायला बरं दिसेल," एवढंच म्हणाले.

मी ते सहा महिने मिरवलं. खोटं कशाला बोलू? मीटिंगमध्ये शर्टाची बाही जरा वर सरकवूनच बसायचो. मग एका शुक्रवारी कँटीनमध्ये टीममधल्या एका घड्याळवेड्यानं माझा हात धरला. "मोठा काटा थांबवून दाखव ना!"

"सेकंदकाटा कसा थांबेल? घड्याळ बंद नाही का पडणार?" मी म्हटलं. तो काहीच बोलला नाही. त्याचं ते गप्प बसणंच मला झोंबलं.

त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसलो आणि माझ्या अज्ञानाचा पार निकाल लागला. क्रोनोग्राफ म्हणजे घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच. मधला लांब काटा एरवी बारावर स्वस्थ उभा असतो. वरचं बटण दाबलं की धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की परत शून्यावर. रोजचे सेकंद मोजायचं काम एका छोट्या तबकडीकडे. उरलेल्या दोन तबकड्या स्टॉपवॉचची मिनिटं आणि तास मोजतात.

आणि या तबकड्या कुठे बसणार, हे डिझायनरच्या मूडवर नसतं बरं का! खालच्या यंत्रात चाकं जिथे आहेत, तिथूनच काट्यांचे दांडे वर येतात. १९७०च्या दशकात आलेलं व्हॅल्जू ७७५० हे यंत्र घ्या. त्यात मिनिटं बारावर, तास सहावर, सेकंद नऊवर आणि वार-तारीख तीनवर. ही मांडणी दिसली की जाणकार घड्याळ न उघडताच पोटातल्या यंत्राचा अंदाज बांधतात. झेनिथच्या १९६९ च्या एल प्रिमेरोची मांडणी वेगळी. तीन, सहा, नऊ.

डेटोनाची तर अख्खी जन्मकुंडलीच तबकडीवर मांडलेली आहे. ती आली १९६३ मध्ये, तेव्हा चावी हातानं द्यावी लागायची. १९८८ मध्ये रोलेक्सनं तिच्यात एल प्रिमेरोवर बेतलेलं ऑटोमॅटिक यंत्र बसवलं, पण त्याचे तासाला ३६,००० ठोके २८,८०० वर आणले. तेव्हा रोजचा सेकंद नऊवर होता. २००० मध्ये रोलेक्सचं स्वतःचं ४१३० हे यंत्र आलं आणि सेकंद सहावर गेला. एका छोट्याशा काट्याची जागा बघून घड्याळाचा जमाना सांगता येतो.

आणि माझ्या घड्याळात? एका तबकडीत वार, दुसरीत तारीख, तिसरीत चोवीस तास. मधला काटा अखंड पळतोय. बटण दाबलं की वार पुढे सरकतो. बोंबला! खऱ्या डेटोनाला दहा लाखांच्या वर मोजावे लागतात, हे आधी बघितलं असतं तरी पुरलं असतं.

"सोडून दे," बायको म्हणाली. "बाबांना उगाच वाईट वाटेल." मलाही पटलं. घड्याळ घालत राहिलो, फक्त बाही खाली आली.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण दिवाळीला कराडला गेलो, तर बाबा भलतेच खुशीत. धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं होतं. "तुमच्या साडूंनाही तस्संच घड्याळ सांगितलंय. या वेळी साठ म्हणतोय. परवा पैसे द्यायचेत."

आता काय करता? गप्प बसलो तर साठ हजार पाण्यात. बोललो तर या माणसानं फंडाच्या पैशातून दिलेल्या भेटीला मी तोंडावर नकली म्हणणार. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी बाबा अंगणात जुनी बजाज स्कूटर उघडून बसले होते. मी घड्याळ काढून शेजारी टेकलो आणि क्लचचा विषय काढला. म्हटलं, घड्याळातही क्लच असतो बाबा. जुन्या पद्धतीत चालत्या चाकात दुसरं चाक बाजूनं येऊन अडकतं, त्यामुळे काटा कधीकधी सुरुवातीलाच उडी मारतो.

"दात्यावर दाता आला की गाडी झटका देते, तसं," बाबा म्हणाले.

अगदी तसंच. व्हर्टिकल क्लचमध्ये मात्र वरखाली बसवलेले भाग एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणानं काटा अलगद निघतो. सेइकोनं १९६९ मध्येच ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये तो आणला, रोलेक्सच्या ४१३० मध्येही तोच आहे.

"म्हणजे आपली क्लच प्लेटच की!" बाबांचे डोळे चमकले. "दाखवा बघू काटा थांबवून."

मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बटण दाबलं. मंगळवारचा बुधवार झाला. पुन्हा दाबलं. गुरुवार. मोठा काटा आपल्याच धुंदीत फिरत होता.

"यात क्लचच नाही," ते म्हणाले. बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिले. मग विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"चार महिने."

"आणि तरी घालत होतात?"

मी मान हलवली. ते उठले आणि आत जाऊन फोन लावला. साठ हजार वाचले. आधीचे पंचेचाळीस गेले ते गेलेच. साडूंना दुकानातून, पक्क्या बिलाचं, साधं तीन काट्यांचं घड्याळ मिळालं.

गेल्या महिन्यात बाबा पुण्याला आले, तेव्हा त्यांना एका शोरूममध्ये घेऊन गेलो. घ्यायचं काहीच नव्हतं. सेल्समननं व्हर्टिकल क्लचचा एक जपानी क्रोनोग्राफ त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, घड्याळ कानाशी धरलं आणि बटण दाबलं. काटा निघाला, जराही झटका नाही.

"हां," बाबा म्हणाले. "हा क्लच." आणि मग माझ्या मनगटाकडे बघून हसले. ते घड्याळ मी अजूनही घालतो.